चित्र थांबतंय

माझ्या दुकानावर ‘लॅपटॉप व संगणक दुरुस्ती’ अशी ठळक पाटी आहे, तरी अधूनमधून कुणीतरी मिक्सर घेऊन येतंच. ‘म्याडम, नुसती तार तुटलीय, बघा ना जरा.’ मी बघते. महाडसारख्या गावात दुकान चालवायचं तर तोंडावर नाही म्हणून भागत नाही. आज मिक्सर घेऊन आलेली बाई उद्या मुलीचा लॅपटॉप घेऊन येणार असते.

आधी मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. टाइपरायटर गेले आणि त्याच टेबलांवर संगणक आले. ते बिघडले की मुंबईहून माणूस येईपर्यंत वर्ग बंद. मला ते पटेना. एक दिवस मी स्वतःच एक डबा उघडला, आतली धूळ ब्रशने झाडली, आणि तो चालू झाला. धुळीनेच बंद पडला होता, पण त्या दिवसापासून इन्स्टिट्यूटमध्ये मला ‘इंजिनिअर’ म्हणायला लागले. पुढे तळ्यामागच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. नवरा एमआयडीसीत कामाला होता. तो रात्रपाळीहून येऊन झोपला की घरात खुडबुड नको म्हणून मी सकाळी लवकर दुकान उघडायचे. तो निवृत्त झाला, माझी सवय राहिली.

लोकांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे स्क्रू काढायचे, काहीतरी बदलायचं, स्क्रू लावायचे. निम्म्या वेळा स्क्रूला हातही लावावा लागत नाही. बिघाड वस्तूत नसतो, ती वस्तू चालवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. बिरवाडीच्या एका ट्रकमालकाला मी सांगितलं, ‘तुमचा ड्रायव्हर खराब झालाय.’ तो म्हणाला, ‘म्याडम, चांगला ड्रायव्हर मिळत नाय हीच आमची बोंब हाय. तुमच्याकडं कुणी असला तर सांगा.’

लॅपटॉपच्या आत पडद्यावर चित्र उमटवणारी एक चिप असते. तिची भाषा वेगळी, बाकीच्या यंत्रणेची वेगळी. दोघींच्या मध्ये एक दुभाषा लागतो, तो म्हणजे हा ड्रायव्हर. जुन्या लॅपटॉपचं दुखणं असं, की चिप जुनी असते आणि यंत्रणा मात्र इंटरनेटवरून आपली आपण नवी होत राहते. नवी होताना ती कधीकधी जुन्या दुभाष्याला काढून नवा आणून बसवते. नव्याला ह्या म्हाताऱ्या चिपची बोली धड येत नाही. मग पडदा मध्येच काळा होतो, चित्रात हिरवे ठोकळे येतात, व्हिडिओ अडखळतो. माणसं म्हणतात, लॅपटॉप म्हातारा झाला, टाकून द्या. मी म्हणते, थांबा.

दासगावचे एक निवृत्त गुरुजी एकदा ‘जय भीम म्याडम’ म्हणत आले आणि त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला तो उलटा. म्हणजे पडद्याची वरची कड खाली टेकवलेली, आणि कीबोर्ड मागे आभाळाकडे. सोबत पिशवीत दुसरा, तारेचा कीबोर्ड. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, ‘कीबोर्ड पुसत होतो, काहीतरी दाबलं गेलं आणि चित्र डोक्यावर उभं राहिलं. मान उलटी होईना, म्हणून मशीनच उलटं केलं.’ ह्या अवस्थेत त्यांनी गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणींची निम्मी वही लिहून काढली होती. काही जुन्या ड्रायव्हरांत पडदा फिरवायची सोय असते, तीन बटणं एकत्र दाबली की चित्र फिरतं. मी लॅपटॉप सरळ ठेवला, बटणं दाबली, चित्र सरळ. गुरुजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग जरा नाराजीनेच म्हणाले, ‘एवढंच होतं? मला वाटलं, दोन दिवस ठेवून घ्याल.’

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. पण आज लिहायला बसले ती अनुसयाबाईंसाठी.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. दुपारच्या वेळी साठीच्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काखेत चादरीचं गाठोडं. उंबऱ्यावर चप्पल काढून आत आल्या, गाठोडं सोडलं, तर आत जाडजूड जुना लॅपटॉप. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथून मिनिडोअर रिक्षाने पोलादपूर, तिथून एसटीने महाड, असं करत आल्या होत्या.

‘काय होतंय?’ मी विचारलं.

‘चित्र थांबतंय,’ त्या म्हणाल्या. ‘लेक दिसते, मग थांबते. मग एकदम पुढचंच काहीतरी दिसतं.’

व्हिडिओ कॉलची तक्रार असली की पहिला संशय इंटरनेटवर. मी लॅपटॉप दुकानाच्या इंटरनेटला जोडला, एक गाण्याचा व्हिडिओ लावला. आवाज स्वच्छ. चित्र मधूनमधून अडखळत होतं, पण फार नाही. एवढ्या जुन्या लॅपटॉपकडून आणखी काय मागायचं, असं मला वाटलं.

‘मावशी, आवाज अगदी नीट येतोय की. चित्र जरासं थांबतं, तेवढं चालवून घ्या.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नेहमीचंच आहे अशा नजरेने.

‘आवाजाचं मी काय करू गो बाय? माझी लेक बोलत नाय. ऐकतपण नाय. हातानं बोलते.’

मी गाणं बंद केलं.

त्यांची मुलगी रेश्मा जन्मापासून बहिरी. वाडीत सगळे मुकी म्हणायचे. ‘मुकी कसली,’ अनुसयाबाई म्हणाल्या, ‘आपण तोंड उघडायच्या आत सतरा गोष्टी सांगून मोकळी होते.’ लहानपणी मायलेकींनी आपल्या आपणच खुणा बसवल्या होत्या. पुढे रेश्मा बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत गेली आणि तिथल्या खुणा शिकून आली. सुट्टीत आईला शिकवल्या. वाडीच्या आणि शाळेच्या खुणा मिसळून दोघींची एक तिसरीच भाषा झाली, ती दोघींशिवाय कुणाला कळेना. अनुसयाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता रेश्मा पुण्याकडे एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिचा नवराही तिच्यासारखाच, खुणांनी बोलणारा. लॅपटॉप तिनेच जुना घेऊन आईला दिला होता, कारण मोबाइलच्या पडद्यावर आईला तिची बोटं दिसत नव्हती.

‘आणि आता?’

‘आता सातवा महिना हाय तिला.’ त्यांनी चादर घडी करायला घेतली. ‘दिवाळीत मी म्हटलं, मी येते बाळंतपणाला. तर म्हणाली, येऊ नको. मग चित्र थांबलं. परत दिसली तेव्हा हसत होती. मी बंदच केला कॉल. पुन्हा लावला नाय.’

‘अहो, कुणाकडून तरी मेसेज लिहून विचारायचं.’

‘जाऊबाई लिहिते. तिला काय सांगू? माझी लेक मला नको म्हणते, का ते विचार? वाडीभर व्हायचं.’

तेव्हा मला त्या तक्रारीचा अर्थ लागला. आपण फोनवर बोलताना चित्र अडकलं तर काही बिघडत नाही, कान काम करत असतात. ह्या बाईंच्या लेकीचं बोलणंच चित्रात होतं. चित्र क्षणभर थांबलं की तिचे शब्द गळत होते. त्या गळक्या वाक्यांवर ह्या बाईंनी कित्येक दिवस काढले होते.

मी म्हटलं, ‘ठेवून जा, उद्या देते.’

‘मी बसते हितंच,’ त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

मी लॅपटॉपमध्येच साठवलेला एक व्हिडिओ लावला. त्याला इंटरनेट लागत नाही. तोही अडखळला. म्हणजे इंटरनेट सुटलं. मग यंत्रणेच्या आत जाऊन चित्राच्या चिपचा ड्रायव्हर बघितला. नवा कोरा, अलीकडेच आपला आपण येऊन बसलेला. जुन्यावर परत जायची सोय असते, पण तिथलं बटण फिकट पडलेलं, कारण जुना पुसला गेला होता. मग नवा मुळापासून काढला. आता जुना कुठून आणायचा? बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर ह्या मॉडेलचं पानच राहिलेलं नव्हतं.

माझी एक सवय आहे. कुठलाही लॅपटॉप कायमचा गेला की मी त्याच्यातले ड्रायव्हर काढून एका हार्ड डिस्कवर ठेवते. घरात नवरा त्या डिस्कला माझं भंगार म्हणतो. त्या भंगारात शोधलं, तर ह्याच जातीच्या एका लॅपटॉपचा जुना ड्रायव्हर सापडला. तो बसवला. आणि ह्या चिपसाठी यंत्रणेने पुन्हा आपल्या मनाने काही आणू नये, अशी सोय करून ठेवली.

पुन्हा गाणं लावलं. छान चाललं. ‘घ्या मावशी, झालं.’

‘गाणं मघाशीपण चाललंच होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मला बघू दे.’

त्यांनी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात धरून काहीतरी भराभर बोलल्या. पडद्यावर त्यांचेच हात. ‘बघ गो, बोट दुमडलं की दुमडलेलं दिसतं का?’ मी बघितलं. बोट दुमडताना वाटेत धूसर होत होतं. एका सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या चित्राचं काम चिपकडे न जाता भलतीकडे चाललं होतं. ते बदललं. त्यांनी पुन्हा हात हलवले. आता बोट न् बोट सुटं. एवढी वर्षं मी गाणी लावून पडदे तपासत होते. त्या दिवसापासून मी स्वतःची बोटं हलवून तपासते.

‘लावू का कॉल?’ मी विचारलं.

त्यांनी पदर सारखा केला. ‘लाव.’

कारखान्यात चहाची सुट्टी असावी. रेश्मा लगेच दिसली. कँटीनच्या भिंतीला टेकून उभी, केसांवर पॅकिंगची टोपी. आईला बघताच तिचे हात सुटले. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण सूर कळत होता. ओरडत होती ती. कुठं होतीस इतके दिवस, असंच काहीतरी. अनुसयाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं, आणि मग अगदी सावकाश, लहान लहान खुणांनी काहीतरी विचारलं.

रेश्माने कपाळावर हात मारला. पुन्हा सांगायला लागली, एकेक खूण तोडून तोडून. अनुसयाबाई पुढे वाकून बघत होत्या. मध्येच त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

‘काय म्हणते?’ मला राहवेना.

‘येऊ नको म्हणाली ती. खरंच म्हणाली. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर हाय, जिना चढून तुझे गुडघे जातील, म्हणून तू येऊ नको. मीच येते तिकडं, आपल्या घरी बाळंत होते.’ त्यांनी डोळे पुसले. ‘ते पुढचं सगळं ह्या मेल्यानं गिळलं होतं.’ आणि त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर एक चापटी मारली. मी पटकन त्यांचा हात धरला.

मग दोघी पुष्कळ बोलल्या. मध्येच एकदा रेश्माने पोटावर हात ठेवला, तोच हात कानाजवळ नेला आणि आईकडे बघत राहिली. अनुसयाबाईंचे हात काही वेळ मांडीवरच पडून राहिले. नंतर त्यांनी दोनच खुणा केल्या. मी त्या खेपेला विचारलं नाही. जाताना उंबऱ्यावर चप्पल घालता घालता त्यांनीच सांगितलं. ‘तिनं विचारलं, बाळ ऐकेल का? मी म्हटलं, येऊ दे.’

रेश्मा ठरल्यासारखी घरी आली आणि पोलादपूरला बाळंत झाली. मुलगी झाली. ती ऐकते. कुकरची शिट्टी झाली की दचकते, हे अनुसयाबाईंनी मला जाऊबाईंच्या फोनवरून मुद्दाम कळवलं. रेश्मा काही महिने राहून पुण्याला परतली, आणि लॅपटॉपवर मायलेकींचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आता त्यात नातही होती.

पावसाळा सरला आणि जाऊबाईंचा फोन आला. पडद्यावर रेघा येतात, मग अंधार होतो. मला पोलादपूरच्या एका शाळेत संगणक बघायला जायचंच होतं. म्हटलं, मावशींना खेप नको, मीच येते.

वाडी चढावर. भात कापणीला आलं होतं. घर स्वच्छ, बेताचं. लॅपटॉपची जागा खिडकीसमोर, पिठाच्या डब्यावर, उजेड बरोबर बसणाऱ्याच्या हातांवर पडेल अशी. एखाद्या फोटो स्टुडिओवाल्यानेही ह्याहून चांगली जागा काढली नसती.

मी लॅपटॉप सुरू केला आणि पहिल्या क्षणीच मनात चरकले. सुरू होताना कंपनीचं नाव येतं ना, त्याच नावावर उभ्या रेघा. त्या वेळी ड्रायव्हर अजून जागाच झालेला नसतो. तिथेच रेघा असतील तर दोष दुभाष्याचा नाही, चिपच गेली. तरी मी सोबत नेलेल्या छोट्या पडद्याला तो जोडून बघितला. बिघाड लॅपटॉपच्या पडद्यात असेल तर बाहेरच्या पडद्यावर चित्र चांगलं येतं. तिथेही रेघा, आणि मग काळोख. ती चिप मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, कायमची चिकटवलेली असते. इतक्या जुन्या लॅपटॉपची पाटी कुठेच मिळत नाही.

‘मावशी, हा गेला,’ मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य सारखं म्हणावं लागतं, पण त्या घरात ते जड गेलं. ‘मी तुम्हाला दुसरा आणून देते. माझ्याकडे एक आहे वापरलेला.’

‘नको गो. तो बी म्हाताराच ना? किती येळा चढशील हा डोंगर?’ त्या उठून चहा टाकायला गेल्या.

चहा पिताना मी माझ्या मोबाइलवर माझ्या नातवाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, मान तिरकी केली, फोन उजवीकडे नेला, जवळ आणला, लांब धरला. मी हातातला कप खाली ठेवला. दोष असलेला पडदा तपासताना मी अशीच मान करते. इथे मोबाइल तर चांगला होता.

मी म्हटलं, ‘मावशी, डावा डोळा झाका बरं. आता खिडकीबाहेर काय दिसतं?’

‘आंब्याचं झाड.’

‘आता उजवा झाका.’

त्यांनी झाकला. मान पुढे काढून खिडकीकडे बघितलं.

‘दूध सांडल्यावाणी दिसतं,’ मग म्हणाल्या.

‘मोतीबिंदू आहे हा. डॉक्टरना दाखवलात?’

‘दाखवलाय. ऑपरेशन कर म्हणतात. दोन वर्सं झाली, तेच म्हणतायत.’

‘मग?’

त्यांनी माझ्या हातात फोन परत दिला. ‘आमच्या वाडीतल्या एका बाईनं केलंन ऑपरेशन आणि डोळा गेला तिचा. दुसऱ्याला काय, डोळा गेला तर कानानं ऐकेल. माझा गेला तर मी लेकीशी बोलणार कशानं?’

हल्ली ह्या ऑपरेशनात डोळा सहसा जात नाही, पण मोतीबिंदू तसाच ठेवला तर नजर नक्की जाईल, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ‘चिवडा घे’ म्हणाल्या.

‘रेश्माला माहितीय?’

‘नाय. आणि सांगायचं पण नाय. ती तिकडं लहान पोर घेऊन बसलीय.’

माझा स्वतःचा लॅपटॉप पिशवीत होता. निघण्याआधी लेकीशी बोलणं तरी होऊ दे म्हणून मी तो पिठाच्या डब्यावर ठेवला आणि कॉल लावला. रेश्मा दिसली, मांडीवर मुलगी. मायलेकींचं सुरू झालं. मी बाजूला उभी. लॅपटॉप गेल्याचं अनुसयाबाईंनी सांगितलं असावं, कारण रेश्माने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

मला तिला सांगायचं होतं. पण सांगू कसं? मला खुणा येत नाहीत, तिला ऐकू येत नाही, आणि आमच्यातला एकमेव दुभाषा तिची आई. ती हे वाक्य पोचवणार नव्हती. एवढी वर्षं मी दोन यंत्रांचं आपसात बोलणं जुळवत आले, त्या दिवशी स्वतःवर वेळ आली.

मी कॅमेऱ्यासमोर वाकले. आधी अनुसयाबाईंकडे बोट केलं. मग माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला, आणि मान हलवली. नाही. मग माझा मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मान तिरकी केली, अगदी त्यांच्यासारखी.

‘ए! काय करतंस गो?’ अनुसयाबाई ओरडल्या. ‘चहाडी करतंस?’

रेश्माला पुरेसं झालं होतं. तिने मुलीला बाजूला ठेवलं आणि तिचे हात असे काही चालले, की मी खुर्चीवर जाऊन बसले. अनुसयाबाईंनी आधी वाद घातला. मग पडद्यावरून नजर फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. ह्या भाषेत तसं करणं म्हणजे कानात बोटं घालणं. रेश्मा टाळ्या वाजवायला लागली, कॅमेरा हलवायला लागली. शेवटी तिने मुलीला उचलून पडद्याजवळ धरलं. अनुसयाबाईंना बघावंच लागलं. रेश्माने मुलीचा इवलासा हात हातात धरला आणि तिच्या बोटांनी एक खूण केली.

अनुसयाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘म्हणते, हिला पण आजीशी बोलायला शिकवतेय मी. तू आंधळी झालीस तर ही कुणाशी बोलेल?’

मला वाटतं, ऑपरेशन तिथेच ठरलं. तोंडाने त्या हो म्हणाल्या नाहीत. मला पोचवायला चढ उतरून येईपर्यंत ‘चहाडखोर’ मात्र म्हणत होत्या.

थंडीत महाडलाच ऑपरेशन झालं. रेश्मा रजा काढून आली. नात जाऊबाईंकडे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायच्या वेळी मी दुकान बंद करून गेले. लांबट खोली, ओळीने खाटा, पट्ट्या बांधलेली माणसं. अनुसयाबाई शेवटच्या खाटेवर ताठ बसलेल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. रेश्माला नर्सने दाराशीच थांबवलं होतं. तिच्याशेजारी मी. तिने माझं मनगट धरलं होतं, आणि ते सोडायला ती तयार नव्हती.

डॉक्टर आमच्या समोरूनच दारातून आत गेले, तरुण होते, घाईत दिसत होते. त्यांनी पट्टी सोडली, डोळा पुसला, बॅटरी मारून बघितलं. उजवा डोळा झाकायला सांगितला आणि आपला हात पुढे धरला.

‘आजी, बोटं किती?’

अनुसयाबाईंनी त्यांच्या हाताकडे बघितलंच नाही. डॉक्टरांच्या खांद्यावरून त्या दाराकडे बघत होत्या. रेश्माने माझं मनगट सोडलं, आणि तिची बोटं छातीजवळ लहानशी हलली, वर्गात बाईंची नजर चुकवून बोलावं तशी. लांब खोलीच्या त्या टोकाला अनुसयाबाईंचे हात मांडीखालून बाहेर आले. त्यांनी उत्तर दिलं. मग त्या हसायला लागल्या.

‘आजी, इकडे बघा. बोटं किती दिसतात?’

‘बोटं कसली मोजायची?’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘माझी लेक म्हणते, डॉक्टरांनी सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात लावलंय.’

डॉक्टरांनी खाली बघितलं. लावलेलं होतं.